सर्व्हर एका देशात, आयपी पत्ता दुसऱ्या देशाचा

संगणकाच्या पडद्यावर ‘भारत’ असे दिसणारा सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असू शकतो. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला मिळणारा आयपी पत्ता आणि ते यंत्र ज्या भूमीवर उभे आहे तो देश, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची जुळणी नोंदवह्या आणि खासगी माहितीसंग्रह यांच्या आधारे केली जाते. या नोंदी बदलता येतात. कायद्याचा अंमल मात्र यंत्र, त्याचा चालक आणि सेवा घेणारा ग्राहक जेथे असतात तेथे लागू होतो.

भाड्याने घेतलेल्या सर्व्हरला दुसऱ्या देशाचा आयपी पत्ता कसा दिला जातो, त्याची गरज का भासते, असा पत्ता ओळखता येतो का आणि त्यावर विसंबून राहण्यात कोणता धोका आहे, याचा हा आढावा.

२०२२ चा आदेश आणि भारतीय पत्ते

भारतात हा विषय २०२२ मध्ये ठळकपणे पुढे आला. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७०-ब अन्वये निर्देश जारी केले. डेटा सेंटर, आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या, क्लाउड सेवा आणि व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांची माहिती किमान पाच वर्षे जतन करावी, असे या निर्देशांत म्हटले होते. ग्राहकाचे नाव, सेवा घेण्याचा कालावधी, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा घेण्याचा उद्देश, पडताळलेला निवासी पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक यांचा त्यात समावेश होता. सायबर घटनेची सूचना सहा तासांच्या आत देणेही बंधनकारक करण्यात आले.

ग्राहकाच्या हालचालींची नोंद न ठेवणे हाच व्हीपीएन कंपन्यांच्या सेवेचा गाभा असतो. त्यामुळे अनेक कंपन्यांनी या निर्देशांना आक्षेप घेतला. जून २०२२ च्या प्रारंभी एक्सप्रेसव्हीपीएन या कंपनीने भारतातील आपले सर्व्हर काढून घेत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनीही तसाच निर्णय घेतला. निर्देशांतील ग्राहक पडताळणीविषयक तरतुदींची मुदत पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढवण्यात आली. त्याच महिन्यात प्रोटॉनव्हीपीएननेही भारतातील सर्व्हर हटवले.

सर्व्हर गेले, तरी भारतीय आयपी पत्ते उपलब्ध राहिले. एक्सप्रेसव्हीपीएनने सिंगापूर आणि ब्रिटन येथील यंत्रांवरून भारतीय पत्ते देण्याची व्यवस्था केली. प्रोटॉनव्हीपीएनने सिंगापूरमधील यंत्रांवरून तशीच सेवा सुरू ठेवली. या कंपन्यांनी ही बाब ग्राहकांपासून लपवली नाही. या पद्धतीला त्या ‘आभासी ठिकाण’ असे संबोधतात.

केंद्र सरकारने १८ मे २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या स्पष्टीकरणात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली होती. भारतीय वापरकर्त्यांना सेवा देणाऱ्या कंपनीचे भारतात प्रत्यक्ष अस्तित्व असो वा नसो, हे निर्देश तिला लागू होतात, अशी सरकारची भूमिका होती. कंपन्यांनी यंत्रे देशाबाहेर नेली आणि सरकारने सेवेच्या आधारे अधिकार सांगितला. या वादात आयपी पत्त्यावरील ‘भारत’ ही नोंद कोणत्याही बाजूने निर्णायक ठरली नाही.

पत्त्यांचे वाटप कोण करते?

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्राची संख्यात्मक ओळख. प्रचलित चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे अशा पत्त्यांची कमाल संख्या सुमारे ४२९ कोटी इतकीच आहे. सहाव्या आवृत्तीतील पत्ते १२८ बिटांचे असून त्यांची संख्या प्रचंड आहे. तथापि, जुन्या आवृत्तीचा वापर अद्याप मोठ्या प्रमाणावर होतो.

पत्त्यांचा जागतिक साठा ‘आयाना’ या व्यवस्थेकडे असतो. तेथून ते पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना दिले जातात. युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाच्या काही भागासाठी ‘राइप एनसीसी’ ही संस्था असून तिचे मुख्यालय ॲमस्टरडॅम येथे आहे. आशिया-प्रशांत विभागाचे काम ‘एपनिक’ पाहते, तिचे मुख्यालय ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. उत्तर अमेरिकेसाठी ‘एरिन’, लॅटिन अमेरिकेसाठी ‘लॅकनिक’ आणि आफ्रिकेसाठी मॉरिशसस्थित ‘आफ्रिनिक’ या संस्था कार्यरत आहेत. एपनिकच्या छत्राखाली भारतासाठी ‘इरिन’ ही राष्ट्रीय नोंदणी संस्था असून ती ‘निक्सी’ या संस्थेमार्फत चालवली जाते.

आयानाकडील शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. एरिनचा मुक्त साठा सप्टेंबर २०१५ मध्ये, तर राइपचा साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपला. तेव्हापासून चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांना बाजारभाव आला आहे. कंपन्या पत्त्यांचे गट विकत घेतात, हस्तांतरित करतात किंवा भाड्याने देतात. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीकडून ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना विकत घेतले होते. एका विभागात वाटलेले पत्ते दुसऱ्या विभागात वापरले जाण्याचे प्रमाण या टंचाईमुळेच वाढले.

‘देश’ कसा ठरतो?

आयपी पत्त्याच्या आकड्यांत देशाची कोणतीही खूण नसते. दूरध्वनी क्रमांकाच्या आरंभी भारतासाठी ९१ हा संकेतांक असतो, तशी सोय येथे नाही. एखाद्या पत्त्याचा देश साधारणतः दोन ठिकाणी पाहिला जातो.

पहिले ठिकाण म्हणजे नोंदणी संस्थेची सार्वजनिक नोंदवही. तीत प्रत्येक गटापुढे धारकाचे नाव आणि देशाचा संकेत दिलेला असतो. हा देश धारकाच्या कार्यालयाचा की यंत्राच्या जागेचा, याची एकसारखी व्याख्या मात्र नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे खासगी कंपन्यांचे भौगोलिक माहितीसंग्रह. अमेरिकेतील मॅक्समाइंड ही या क्षेत्रातील परिचित कंपनी आहे. नोंदवह्या, मार्गांची माहिती, प्रतिसादाला लागणारा वेळ आणि पत्तेधारकांनी स्वतः कळवलेला तपशील यांवरून अशा कंपन्या प्रत्येक पत्त्याचा देश, राज्य आणि शहर यांचा अंदाज बांधतात. चित्रपट दाखवणारे संकेतस्थळ, बँक, जाहिरात कंपनी अथवा सरकारी पोर्टल समोरचा वापरकर्ता कोणत्या देशातील आहे हे ठरवताना बहुधा याच अंदाजाचा आधार घेते.

एकच पत्ता एकाच वेळी अनेक देशांतही असू शकतो. याचे सुपरिचित उदाहरण म्हणजे १.१.१.१ हा पत्ता. तो एपनिककडे असून नोंदवहीत त्याच्यापुढे ऑस्ट्रेलियाचा संकेत आहे. एप्रिल २०१८ पासून क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सहकार्याने या पत्त्यावर सार्वजनिक सेवा चालवली जाते आणि जगभरातील अनेक शहरांतील यंत्रे तोच पत्ता धारण करून उत्तरे देतात. वापरकर्त्याला सहसा मार्गाने जवळ असलेले यंत्र उत्तर देते. अशा पत्त्याला एकच देश चिकटवणे अर्थहीन आहे.

दुसऱ्या देशाचा पत्ता देण्याची पद्धत

होस्टिंगच्या व्यवसायात या कामाचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात पत्त्यांचा गटच दुसऱ्या देशात नेला जातो. समजा, सिंगापूरमधील सर्व्हरला भारतीय पत्ता द्यावयाचा आहे. प्रथम भारताच्या नावे नोंदलेला पत्त्यांचा गट विकत अथवा भाड्याने घेतला जातो. इंटरनेटवर स्वतंत्रपणे जाहीर करता येण्याजोगा सर्वांत लहान गट व्यवहारात २५६ पत्त्यांचा असतो. त्यामुळे एकच पत्ता उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर एखाद-दुसरा परदेशी पत्ता मिळतो, तेव्हा होस्टिंग कंपनीने आधीच असा संपूर्ण गट आणलेला असतो.

त्यानंतर गटाचा धारक सिंगापूरच्या कंपनीला लेखी अधिकारपत्र देतो. ती कंपनी आपल्या राउटरवरून ‘हा गट आमच्याकडे आहे’ अशी घोषणा करते. राउटरांच्या या परस्पर घोषणांच्या पद्धतीला ‘बीजीपी’ असे म्हणतात. शेजारच्या जाळ्यांनी ही घोषणा स्वीकारून पुढे पाठवली, की त्या पत्त्यांकडे जाणारी सर्व वाहतूक सिंगापूरकडे वळते. नोंदवहीतील ‘भारत’ या शब्दाचा वाहतुकीच्या मार्गाशी काहीही संबंध येत नाही.

बीजीपीची रचना प्रामुख्याने परस्पर विश्वासावर आधारलेली आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदी घालण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांची घोषणा केली. ती चुकून देशाबाहेर पसरली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब उघडेनासे झाले. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी आता ‘आरपीकेआय’ ही प्रमाणपत्र पद्धत वापरली जाते. कोणता गट कोणत्या जाळ्याने जाहीर करावा, याची धारकाने स्वाक्षरी केलेली नोंद तीत ठेवली जाते. मात्र अधिकृत जाळे कोणते, एवढेच ही नोंद सांगते. यंत्र कोणत्या देशात आहे, याबाबत ती मौन बाळगते.

अखेरचा टप्पा माहितीसंग्रहांचा असतो. घोषणा सिंगापूरहून होत असल्याचे लक्षात आल्यास एखादा संग्रह या गटाचा देश बदलू शकतो. ते टाळण्यासाठी धारक आपल्या गटांची आणि त्यांच्यापुढे अपेक्षित असलेल्या देशांची यादी स्वतः प्रसिद्ध करतो. या यादीचा नमुना ऑगस्ट २०२० मध्ये ‘आरएफसी ८८०५’ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाला. ही यादी धारकाने केलेले निवेदन असते आणि ते स्वीकारायचे की नाही, हे माहितीसंग्रह चालवणारी कंपनी ठरवते. प्रत्येक कंपनीचे वेळापत्रक वेगळे असल्याने एकच पत्ता एका संग्रहात भारतात, तर दुसऱ्यात सिंगापूरमध्ये दिसणे ही नेहमीची बाब आहे.

दुसरा मार्ग मध्यस्थ यंत्राचा आहे. यात इच्छित देशात एक लहान सर्व्हर खरोखरच उभा असतो. तो आलेली वाहतूक बोगद्यासारख्या बंद मार्गाने दुसऱ्या देशातील मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. येथे पत्ता आणि त्याचा देश दोन्ही खरे असतात. परंतु माहितीची साठवण आणि तिच्यावरील प्रक्रिया भलतीकडेच होत असते. पत्ता तपासून हा प्रकार ओळखणे अधिक कठीण आहे.

कारणे निरनिराळी

अशा पत्त्यामागे दरवेळी लपवाछपवीच असते, असे नाही. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या काही ग्राहकांना विचित्र अनुभव आला. त्यांचे सर्व्हर अमेरिकेतील डेटा सेंटरमध्ये होते. तरीही त्या सर्व्हरवरून संकेतस्थळे उघडली असता ती ब्राझीलसारख्या दुसऱ्या देशाच्या आवृत्तीत उघडत होती. अमेरिकेसाठीचे पत्ते संपल्याने आपल्याकडील इतर देशांत नोंदलेले पत्ते वापरावे लागत असल्याचा खुलासा कंपनीने केला. पत्ता परदेशी दिसत असला, तरी ग्राहकांची माहिती त्यांनी निवडलेल्या विभागातच असल्याचेही कंपनीने स्पष्ट केले.

परदेशस्थ भारतीयांची गरज वेगळी असते. भारतातील काही सरकारी संकेतस्थळे सुरक्षेच्या कारणास्तव परदेशी पत्त्यांवरून उघडत नाहीत. नोकरीनिमित्त दुबई किंवा लंडन येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला गावाकडील जमिनीचे वा कराचे काम ऑनलाइन करायचे असल्यास ही अडचण येऊ शकते. दुसरीकडे, चित्रपट आणि क्रीडा स्पर्धांच्या प्रसारणाचे हक्क देशनिहाय विकले जातात. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने दुसऱ्या देशाचा पत्ता धारण करून येणाऱ्यांना रोखणार असल्याचे जाहीर केले होते.

शोधयंत्रात वरचे स्थान मिळावे, म्हणून पूर्वी अनेक संकेतस्थळचालक संबंधित देशाचा पत्ता घेत असत. गुगलच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हरचे ठिकाण हा निर्णायक निकष नाही. देशासाठी राखीव डोमेन आणि मजकुराची भाषा या खुणा त्यापेक्षा अधिक स्पष्ट मानल्या जातात. केवळ या हेतूने परदेशी पत्त्यासाठी खर्च करण्याचे कारण राहिलेले नाही.

अंतराची कसोटी

नोंदवहीत काहीही लिहिता येत असले, तरी यंत्राची जागा तपासण्याचा एक भौतिक उपाय उपलब्ध आहे. काचतंतूच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. याचा अर्थ, जाऊन-येऊन प्रत्येक १०० किलोमीटरला किमान एक सहस्रांश सेकंद लागतो.

मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. या प्रवासाला जाऊन-येऊन किमान ३९ सहस्रांश सेकंद लागणारच. मुंबई ते लंडन या सुमारे ७,२०० किलोमीटरसाठी हाच काळ ७२ सहस्रांश सेकंद होतो. केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्ष वेळ याहून अधिक असतो.

आता सिंगापूरमधील एखाद्या संगणकाने ‘मुंबई’ असे नाव असलेल्या सर्व्हरला संदेश पाठवला आणि दोन सहस्रांश सेकंदांत उत्तर आले, तर उत्तर देणारे यंत्र सिंगापूरपासून २०० किलोमीटरच्या आतच असले पाहिजे. सर्व्हरला उत्तर मुद्दाम उशिरा देता येते, प्रकाशाच्या वेगाच्या आधी देता येत नाही. अनेक शहरांतून अशी मोजमापे घेतल्यास यंत्राचा देश बऱ्याच अंशी निश्चित होतो. मध्यस्थ यंत्राच्या पद्धतीत मात्र या कसोटीने केवळ मध्यस्थाची जागा कळते, मागच्या सर्व्हरची नाही.

हीच पद्धत वापरून केलेले एक संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सात सेवांच्या २,२६९ सर्व्हरची त्यात तपासणी करण्यात आली. चालकांच्या दाव्यानुसार त्यांच्या सेवा २२२ देश आणि प्रदेशांत पसरलेल्या होत्या. तपासलेल्यांपैकी एक-तृतीयांश सर्व्हर जाहीर केलेल्या देशात निश्चितपणे नव्हते आणि आणखी एक-तृतीयांश नसण्याची शक्यता होती. होस्टिंग स्वस्त आणि भरवशाचे असलेल्या झेक प्रजासत्ताक, जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन आणि अमेरिका यांसारख्या देशांत ते एकवटलेले आढळले.

कायदा कशाकडे पाहतो?

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार देयक व्यवहारांची संपूर्ण माहिती केवळ भारतातील यंत्रणांत साठवणे बंधनकारक आहे. प्रक्रिया परदेशात झाली, तर तेथील माहिती एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, यांपैकी जे आधी असेल त्या मुदतीत पुसून भारतात आणावी लागते, असे बँकेने जून २०१९ मध्ये स्पष्ट केले. या नियमाचे पालन न केल्याच्या कारणावरून २०२१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना भारतात नवे ग्राहक घेण्यास मनाई करण्यात आली होती. पूर्तता झाल्यावर ती टप्प्याटप्प्याने उठवण्यात आली. अशा नियमाची पूर्तता परदेशातील सर्व्हरला भारतीय पत्ता देऊन होऊ शकत नाही. येथे माहिती ज्या तबकडीवर साठवली आहे, ती तबकडी कोठे आहे हे पाहिले जाते.

याउलट, ज्या कायद्यांना वापरकर्त्याचे ठिकाण जाणून घ्यावे लागते, ते आयपी पत्त्याचा आधार घेतात, परंतु मर्यादित स्वरूपात. एकात्मिक वस्तू आणि सेवा कर कायदा २०१७ च्या कलम १३ मध्ये ऑनलाइन सेवा घेणारा भारतात आहे की नाही, हे ठरवण्यासाठी सात निकष दिले आहेत. ग्राहकाने दिलेला पत्ता, कार्ड जारी करणारा देश, देयकाचा पत्ता, उपकरणाचा आयपी पत्ता, बँक खाते, सिमकार्डचा देश-संकेतांक आणि स्थिर दूरध्वनीचे ठिकाण हे ते निकष होत. यांपैकी परस्परविरोधी नसलेले कोणतेही दोन पूर्ण झाल्यास सेवा घेणारा भारतात असल्याचे मानले जाते. एकट्या आयपी पत्त्यावर निर्णय सोपवण्याचे कायद्याने टाळले आहे.

नोंदीलाच सत्य मानण्याची किंमत

ही सावधगिरी किती आवश्यक आहे, हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका शेतावरून दिसून येते. एखादा पत्ता अमेरिकेतील आहे, एवढेच ठाऊक असल्यास मॅक्समाइंडच्या संग्रहात देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू नोंदवला जाई. सोयीसाठी आकडे पूर्णांकात घेतल्याने तो बिंदू नेमका एका शेतघराजवळ आला. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका बिंदूशी जोडले गेले. परिणामी, जगभरातील फसवणुकीच्या तक्रारी, चोरीच्या वस्तूंचा आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणारे लोक, पोलीस आणि तपास अधिकारी अनेक वर्षे त्या घराच्या दारात येत राहिले. एप्रिल २०१६ मध्ये हा प्रकार वृत्तमाध्यमांतून उघडकीस आल्यावर कंपनीने तो बिंदू एका तलावाच्या मध्यभागी हलवला.

महाराष्ट्रानेही चुकीच्या नोंदीची किंमत पाहिली आहे. २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बेंगळुरू येथील एका तरुणाला अटक केली. आयपी पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची सेवा कंपनीने पुरवलेली माहिती चुकीची असल्याचे नंतर निष्पन्न झाले. तोपर्यंत त्या निरपराध तरुणाचे सुमारे ५० दिवस येरवडा कारागृहात गेले होते. या प्रकरणात प्रश्न देशाचा नव्हता, ग्राहकाचा होता. परंतु पत्त्यापुढील नोंद दुसऱ्या पुराव्याशी ताडून न पाहता स्वीकारली गेली, ही बाब दोन्ही घटनांत समान आहे.

पत्ते नेमके कोणाचे, हा वाद आफ्रिकेत न्यायालयात गेला आहे. सेशेल्समध्ये नोंदणी झालेल्या क्लाउड इनोव्हेशन या कंपनीला आफ्रिनिककडून सुमारे ६२ लाख पत्ते मिळाले होते. त्यांचा मोठा वापर आफ्रिकेबाहेर होत असल्याचा आक्षेप घेऊन आफ्रिनिकने २०२१ मध्ये ते परत घेण्याची प्रक्रिया सुरू केली. असा वापर करारानुसार निषिद्ध नसल्याची कंपनीची भूमिका होती. प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये आफ्रिनिकची बँक खाती गोठवण्यात आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने संस्थेवर प्रशासक नेमला. एका खंडातील पत्त्यांची नोंद ठेवणारी संस्थाच त्यामुळे अडचणीत आली.

ग्राहकाने काय तपासावे?

दुसऱ्या देशाच्या पत्त्यासह सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या व्यावसायिकाने करारापूर्वी पुढील बाबी लेखी विचारून घेणे हिताचे ठरते.

• सर्व्हर आणि त्याच्या राखीव प्रती प्रत्यक्ष कोणत्या देशात आणि शहरात आहेत.
• पत्त्यांचा गट होस्टिंग कंपनीच्या मालकीचा आहे की भाड्याचा. भाडेकरार संपल्यास पत्ता अचानक बदलावा लागू शकतो.
• गटासाठी आरपीकेआय नोंद केलेली आहे काय. चुकीची नोंद असल्यास अनेक जाळी त्या पत्त्याकडील मार्ग नाकारतात.
• पूर्वीच्या धारकामुळे तो पत्ता अनाहूत ई-मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला आहे काय. तसे असल्यास नव्या धारकाचे ई-मेलही अडवले जातात.
• प्रमुख माहितीसंग्रहांत सध्या कोणता देश दिसतो आणि तो चुकीचा असल्यास दुरुस्तीची जबाबदारी कोणाची.
• आपल्या व्यवसायाला माहिती देशातच ठेवण्याचा नियम लागू आहे काय. तसे असल्यास पत्त्यावर न जाता डेटा सेंटरचे ठिकाण करारात नमूद करून घ्यावे.

सामान्य वापरकर्त्यासाठीही यात एक सूचना आहे. सेवेच्या यादीत ‘भारत’ असे दिसले, म्हणून आपली माहिती भारतातच राहते असे समजू नये. त्याचप्रमाणे, धमकीचा अथवा फसवणुकीचा ई-मेल अमुक देशाच्या पत्त्यावरून आला, एवढ्यावरून पाठवणारा त्याच देशात आहे असा निष्कर्ष काढू नये. आयपी पत्ता हा तपासाचा आरंभ असू शकतो. देश, यंत्र आणि व्यक्ती यांच्याविषयीचा निर्णय घेण्यापूर्वी त्याला किमान एका स्वतंत्र पुराव्याची जोड आवश्यक आहे.